वेताळाची गादी

इ. स. १७९४ मध्ये महादजी शिंदे निवर्तले. पुढील वर्षी खर्ड्याच्या रणांगणावर शिंद्यांची फौज दौलतरावांच्या नावे उभी राहिली. माणूस बदलला, मागील इतिहास अबाधित राहिला. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेल्या व 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठीत वेताळ म्हणून रूढ झालेल्या नायकाची परंपरा अशीच होय. तो एकविसावा, आधीचे वीस गेले, मुखवटा चालू राहिला. सुपरमॅन मात्र ना वृद्ध होई, ना वारस नेमी. म्हणून १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी त्याचे चरित्र आरंभापासून पुन्हा रचिले. २०११ मध्ये तर डीसी प्रकाशनाने ५२ मासिके एकदम पहिल्या अंकापासून काढिली. अंक नव्याने मोजणे हा निव्वळ व्यापार. चरित्र पुसणे त्याहून गंभीर, कारण त्यासरशी जुन्या वाचकाची स्मृतीही रद्द ठरते. वेताळाच्या मराठी वाचकावर ही पाळी आली नाही.