यकृताचे पहारेकरी आणि गुळवेल

'शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण रोगी दगावला' हे वाक्य आपण थट्टेने वापरतो. यकृताच्या शस्त्रक्रियांच्या इतिहासात मात्र ते शब्दशः खरे ठरल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. तुंबलेली वाट शल्यविशारदाने मोकळी करावी आणि काही दिवसांतच रोग्याच्या रक्तात जंतू फैलावावेत, असे का घडते? या प्रश्नाच्या मागे जाताना आपल्याला आधी रशियातल्या कुत्र्यांकडे आणि मग मुंबईच्या परळ भागातल्या के. ई. एम. रुग्णालयाकडे जावे लागते.

आतड्यांतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. पोर्टल शिरेने ते प्रथम यकृतात शिरते. त्या रक्तात अन्नरस असतो, तसेच आतड्यातून निसटलेले काही जंतू आणि त्यांची विषेही असतात. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून कुप्फर पेशी बसलेल्या असतात. समोरून वाहणाऱ्या रक्तातला जंतू दिसला की त्या तो गिळतात. शरीरात एका जागी बसून असे काम करणाऱ्या बहुतेक पेशी एकट्या यकृतातच आहेत. शाळेत यकृत शिकवताना आपण पित्त आणि साखरेचा साठा यांवर थांबतो. हा पहारा सांगायचा राहून जातो.

यकृत सूत्रण रोगात, म्हणजे सिऱ्होसिसमध्ये, यकृतात जागोजागी कठीण वण तयार होतात. रक्ताला वाट मिळेनाशी होते आणि पोर्टल शिरेतला दाब चढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात व रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साठते. यावर सुचणारा उपाय सरळ आहे. यकृत टाळून रक्ताला दुसरी वाट काढून द्यायची. हाच शंट.

निकोलाय एक या रशियन वैद्याने १८७७ साली आठ कुत्र्यांत पोर्टल शीर शरीराच्या मोठ्या शिरेला जोडली. त्यांतले सात आठवड्याभरात मेले. आठवा अडीच महिने जगला आणि मग चक्क पळून गेला! एवढ्या पुराव्यावर एक यांनी ही शस्त्रक्रिया माणसावर करता येण्याजोगी असल्याचे मत दिले. आज असा निबंध कोणी छापणार नाही. पुढे १८९३ मध्ये पाव्हलॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कुत्री दीर्घकाळ जगवून दाखवली, तेव्हा या आडवाटेची किंमत कळली. मांस खाल्ले की ती कुत्री भ्रमिष्ट होत, अडखळत, बेशुद्ध पडत. मांस पचताना निर्माण होणारा अमोनिया यकृतात न थांबता सरळ मेंदूपर्यंत पोहोचत होता.

माणसांवर या शस्त्रक्रियेचा वापर खऱ्या अर्थाने वाढला तो १९४५ पासून, न्यूयॉर्कच्या व्हिपल आणि ब्लेकमोर यांच्या कामानंतर. जानेवारी १९८८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे पोट न उघडता, मानेतल्या शिरेतून सुई यकृतापर्यंत नेऊन, तारेच्या जाळीची नळी बसवून शंट करण्यात आला. तो पहिला रोगी अकराव्या दिवशी फुप्फुसे निकामी होऊन दगावला. शवविच्छेदनात शंट मात्र उघडा आढळला.

शंटमुळे रक्तस्राव थांबतो, पोटातले पाणीही उतरते. अनेकांचे प्राण त्याने वाचले आहेत. पण आतड्यातले रक्त आता पहाऱ्याबाहेरून जाते. शिवाय सिऱ्होसिसच्या रोग्याची जंतूंशी लढण्याची ताकद शंटच्या आधीच खालावलेली असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू नीट गिळत व मारत नाहीत, आणि जंतूंविरुद्ध लागणारी जी प्रथिने यकृत बनवते त्यांचा तुटवडा असतो. म्हणून अशा रोग्याला साधा तापही क्षुल्लक समजता येत नाही. क्वचित शंटच्या नळीलाच जंतूंचा संसर्ग होतो, आणि ती काढून टाकणे तर शक्य नसते.

के. ई. एम. मध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला. तेथे वाट तुंबली होती ती रक्ताची नव्हे, पित्ताची. कर्करोगाच्या गाठीमुळे पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या रोग्यांत शस्त्रक्रियेनंतर जंतुदोष होऊन मृत्यू येण्याचे प्रमाण मोठे होते. आधी नळी घालून पित्त बाहेर काढावे, प्रतिजैविके द्यावीत, मग शस्त्रक्रिया करावी, अशी पद्धत होती. पित्त उतरे, पण धोका पुरता टळत नसे. शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या गटाने (हे दोघेही मराठी वाचकांना लेखक म्हणून परिचित आहेत) प्रश्नाची मांडणीच बदलली. नळीने पित्त उतरते हे ठीक. पण पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची शक्ती परत येते का?

आमच्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हा प्रश्न आहे. औषधाचे नाव नंतर येते.

ते औषध होते गुळवेल. नागपुरातल्या कोणत्याही जुन्या वस्तीत कडुनिंबावर चढलेली ही वेल सापडेल. गटाने प्रथम पित्तनलिका बांधलेल्या उंदरांवर प्रयोग केले. पुढे १९९४ मध्ये कुप्फर पेशींचीच परीक्षा घेतली. यकृताला इजा केलेल्या उंदरांच्या रक्तात काजळीचे सूक्ष्म कण सोडायचे आणि ते किती वेळात नाहीसे होतात हे मोजायचे. पहारेकरी जागे असतील तर रक्त लवकर स्वच्छ होते. दुबळे असतील तर काळेपणा रेंगाळतो. गुळवेल दिलेल्या उंदरांत पेशींचे काम सुधारलेले दिसले.

रोग्यांवरील निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. ३० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीचे उपचार दिले; दुसऱ्याला त्यांबरोबरच, पित्त उतरवण्याच्या काळात, शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज १६ मिलिग्रॅम गुळवेल दिली. यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच राहिले. पांढऱ्या पेशींची शक्ती मात्र गुळवेलीच्या गटातच पूर्ववत झाली. रक्तात जंतू फैलावल्याची लक्षणे पहिल्या गटात ५० टक्के रोग्यांत दिसली, दुसऱ्यात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण ४० टक्के आणि सुमारे ९२ टक्के असे होते.

आकडे थक्क करणारे आहेत, पण रोगी केवळ ३० होते हे विसरून चालणार नाही. एवढ्या लहान गटात दोन-तीन रोगी इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी उलटीपालटी होते. अशा निष्कर्षाची अनेक रुग्णालयांत, मोठ्या संख्येवर फेरतपासणी व्हायला हवी.

लोकांपर्यंत पोहोचली ती वेगळीच गोष्ट: 'गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते.' कोविडच्या साथीत २०२० साली घरोघरी काढे उकळू लागले. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांना काविळीचे सहा रोगी आढळले, सर्व गुळवेल घेणारे. त्यांच्या यकृतावर त्यांच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यासारखी चिन्हे होती. त्यांतली एक स्त्री दगावली; तिला आधीपासून छुपा सिऱ्होसिस होता. हा अहवाल २०२१ मध्ये आला, आणि पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रोगी नोंदवले.

आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला. रोग्यांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, हे तपासलेले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिची बहीण पानांवरून सहज फसवते. ओळखायची ती खोडावरून: गुळवेलीचे खोड हिरवट असते व त्यातून दुधाळ चीक येत नाही, क्रिस्पाचे खोड करडे, बारीक गाठींनी खडबडीत, आणि कापल्यावर चीक येणारे. वनस्पतिशास्त्राच्या तासाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतील. मात्र वेल खरी असली तरी एक फरक उरतोच. परळच्या रोग्यांना मोजून औषध मिळत होते. ५० किलोच्या माणसाला दिवसाला ८०० मिलिग्रॅम, तेही शस्त्रक्रियेपूर्वीचे ठरावीक दिवस, रक्त तपासत. घरच्या पातेल्यात किती उतरते हे कोणी मोजलेले नसते, आणि पिणाऱ्याचे यकृत कोणत्या अवस्थेत आहे हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते.