ओंजळभर पाणी

चिखलोलीच्या धरणाचें पाणी अंबरनाथास जातें. नळ कोणाची जात विचारीत नाहीं. एके काळीं मात्र सार्वजनिक पाण्याचा हक्क कागदावरच होता. १९२३ सालीं बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें संमत केला. महाड नगरपालिकेनेंही तो स्वीकारला. तरी चवदार तळें अस्पृश्य गणलेल्यांस बंदच राहिलें. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं तेथील पाणी ओंजळीनें प्राशन केलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत, चिखलोलीलगतच्या बदलापुरांत, शिवजयंतीच्या उत्सवाचें अध्यक्षस्थान त्यांस देण्यांत आलें. तळ्याविषयीं उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ मध्यें लागला. बदलापूरकर त्यासाठीं थांबले नव्हते. समतेस कायदा हवाच. पण पंगतींत, पाणवठ्यावर, घर भाड्यानें देतांना ती आचरावी लागते शेजाऱ्यानेंच. त्या ओंजळीचें खरें स्मरण तें हेंच.