बुडीत विमा कंपन्या आणि कलम 14

जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेवर 2015 साली अवसायक नेमला गेला आणि ‘सरकार काही भरून देईल का?’ हा जुनाच प्रश्न खानदेशात पुन्हा उभा राहिला. त्याचा माग काढत गेले की आपण विमा कंपन्यांपाशी पोहोचतो.

1938 च्या विमा कायद्याने आयुर्विमा कंपनीला दोन लाख रुपये रिझर्व्ह बँकेत अनामत ठेवायला लावले होते. कंपनी बुडाली की ही अनामत आणि उरलीसुरली मालमत्ता, एवढाच विमेदाराचा आधार. तोही अपुरा पडला तर कलम 61 प्रमाणे न्यायालय विम्याची रक्कमच कमी करू शकत असे.

19 जानेवारी 1956 च्या वटहुकमाने सरकारने हा धंदा ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. दहा वर्षांत 25 कंपन्या बुडाल्या, आणखी 25 कंपन्यांचा धंदा तोटा सोसून दुसरीकडे सोपवावा लागला, हे सरकारचे मुख्य समर्थन. 1 सप्टेंबरला 245 विमा संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झाले. अमेरिकेत बुडीत विमा कंपनीच्या ग्राहकांसाठी राज्याराज्यांत हमी संस्था आहेत, त्या इतर कंपन्यांच्या वर्गणीवर चालतात. आपण तो मार्ग घेतला नाही. हमी थेट केंद्र सरकारने दिली. ते कलम 37.

एजंट मंडळी हे कलम अभिमानाने सांगतात. त्यातलेच ‘कलम 14 च्या अधीन राहून’ हे शब्द मात्र सहसा कोणी वाचत नाही. जुन्या कंपनीची स्थिती पाहून, केंद्राने मंजूर केलेल्या योजनेनुसार, तिच्या पॉलिसींची रक्कम घटवण्याचा अधिकार या कलमाने महामंडळाला दिला. म्हणजे जुन्या पॉलिसीवरची हमी बिनशर्त नव्हती. मला यात अन्याय दिसत नाही. सातारच्या वेस्टर्न इंडियाच्या विमेदाराने दुसऱ्याच कंपनीचे भगदाड आपल्या हप्त्यांतून का बुजवावे?

ठेवीदाराची पाळी नंतर आली. 1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले. भरपाईची मर्यादा दीड हजार रुपये. लोक याला सरकारी पैसा म्हणतात, पण निधी बँकांच्याच हप्त्यांतून जमतो. अवसायक ठेवीदारांची यादी पाठवतो, त्यावरून दावा चुकता होतो. सहकारी बँका 1971 पासून या छत्राखाली आल्या. 2020 पासून मर्यादा पाच लाख आहे.

पतसंस्था या योजनेत कधीच नव्हत्या. म्हणून जळगावच्या ठेवीदाराला दावा करायला निधीच नव्हता. ठेवपावती घेऊन अवसायकाकडे जायचे आणि कर्जदारांकडून वसुली होईल तशी वाट पाहायची. राज्याच्या 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याने मालमत्ता जप्त करून विकता येते. पण ती विकून येईल तेवढेच वाटले जाते.