बडोद्याचे कलावंत खाते

ग्वाल्हेरीचे नाव निघाले की ख्यालाचे घराणे आठवते, इंदुरास अमीर खाँसाहेब आठवतात. बडोद्याचे नाव निघाले की जाणकारांस आधी आठवावे ते एक सरकारी खाते. गायकवाडी राज्यात, राजवाड्याच्या खानगी कारभाराखाली, गाणारे, वाजविणारे आणि नाचणारे अशा सर्वांची व्यवस्था पाहणारे ‘कलावंत खाते’ होते आणि १८९९ साली त्याचे नियम रीतसर प्रसिद्ध झाले. कोणी कधी हजर राहावे, रजा कशी मागावी, कामात कसूर झाल्यास दंड कसा व्हावा, हे सारे त्यात ठरवून दिलेले. संगीताचे अभ्यासक हे नियम वाचून हसतात. मालकंस आळविणाऱ्याने रजेचा अर्ज करावा आणि उशीर झाला म्हणून त्याचा पगार कापावा, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटते. आमची उभी हयात परिपत्रके आणि शेरे यांत गेली, तेव्हा आम्हांस ती तितकी चमत्कारिक वाटत नाही. दंडाचा नियम असतो तेथे पगाराचाही नियम असतो, आणि धन्याची मर्जी फिरली म्हणून रातोरात गाव सोडावे लागण्यापेक्षा लेखी नियम केव्हाही बरा. दरबारी कलावंताच्या नशिबी याआधी मर्जीवाचून दुसरे काय होते?

मौलाबक्षांचे उदाहरण बोलके आहे. म्हैसूरचा मान मिळवून आलेला हा गवई खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यास आला. परंतु दरबाराशी त्याचे जमले नाही व त्यास बडोदे सोडावे लागले. तोच माणूस पुढे परत आला आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये त्याने येथे गायनशाळा काढली. संस्थानाच्या खर्चाने, वर्ग लावून, फळा आणि पुस्तक यांच्या आधारे गाणे शिकविण्याची ही रीत त्या काळी नवलाची होती. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धती बसविली होती आणि त्या पद्धतीने क्रमिक पुस्तके तयार केली. गाणे कागदावर उतरविता येते काय, हा वाद तेव्हाही होता व आजही मिटलेला नाही. कागदावरून मींड कळत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. पण ज्याच्या घरी तीन पिढ्यांत कोणी तंबोऱ्यास हात लावला नाही, अशा कारकुनाच्या किंवा दुकानदाराच्या मुलास उस्तादाच्या घरची उमेदवारी कोण देणार होते? त्याला ही शाळा मिळाली. मौलाबक्ष १८९६ मध्ये वारले. त्यांचे पुत्र अलाउद्दीन यांनी इंग्लंडात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले, तर १८८२ साली बडोद्यात जन्मलेले त्यांचे नातू इनायत खाँ हे १९१० मध्ये परदेशी गेले आणि सूफी संत म्हणून पश्चिमेत नावाजले गेले.

खात्याच्या पटावर दक्षिणेकडचीही माणसे होती. १८८० मध्ये सयाजीरावांचा पहिला विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईसाहेबांशी झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर गौरा आणि कांतिमती या नर्तकी व त्यांचे साथीदार बडोद्यास आले. तंजावर हेही मराठ्यांचेच राज्य होते, त्यामुळे आंदणातून आलेली ही कला एका मराठी दरबारातून दुसऱ्या मराठी दरबारात आली असे म्हणता येईल. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्यातच भरतनाट्यम् शिकवीत. आज ज्या नृत्याचे वर्ग प्रत्येक शहरात दिसतात, ते गुजरातेत इतक्या आधी पोचले ते एका लग्नामुळे.

नियमांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कलावंत हा अखेर नोकर होता, आणि नोकराने आपली पायरी ओळखावी ही अपेक्षा नियमात लिहिलेली नसली तरी हवेत होती. किराण्याचे अब्दुल करीम खाँ ऐन तारुण्यात आपल्या भावासह बडोद्यास आले व दरबारात रुजू झाले. सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई ही त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदाराची मुलगी आणि दरबारचा मुसलमान गवई, हे त्या काळच्या बडोद्याला पचणारे नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. त्यांची मुले पुढे मुंबई-पुण्याकडे वाढली, आणि १९२२ मध्ये ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्यावर त्या मुलांनी आईकडची नावे घेतली : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर. हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेचा. ज्या शहराने आईला ठेवून घेतले नाही, त्याच शहराचे नाव लेकीने जन्मभर मिरविले आणि साऱ्या महाराष्ट्रात घरोघरी नेले. बडोदेकर मराठी माणसास या नावाचा अभिमान वाटतो. वाटावाच, पण ते नाव येथून निघून गेलेल्यांनी घेतलेले आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

निघून गेलेल्यांत आणखी एक मोठे नाव भास्करबुवा बखल्यांचे. बुवांचा जन्म १८६९ मध्ये बडोदे संस्थानातील कठोर गावचा. बडोद्यात फैज महंमद खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली, पुढे आग्रा व जयपूर घराण्यांचीही विद्या मिळविली, आणि पुण्यात १९११ मध्ये ‘भारत गायन समाज’ स्थापन केला. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य. मराठी रंगभूमीचे गाणे ज्या पायावर उभे आहे, त्यातला एक दगड बडोद्याच्या दरबारी गवयाने बसविलेला आहे.

चित्रकला व हुन्नर यांसाठी १८९० मध्ये ‘कलाभवन’ निघाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला एकाच छपराखाली, आणि शक्यतो विद्यार्थ्याच्या भाषेत शिकवावी, असा त्यांचा आग्रह. नाशिककडचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून येथे आले ते त्याच सुमारास. चित्रे, मातीकाम, छायाचित्रण हे सारे ते येथे शिकले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, त्यामागचे हातकाम बऱ्याच अंशी कलाभवनात घडलेले आहे. राजा रविवर्मा यांनी राजवाड्यासाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रेही याच वर्षांतली. त्यांविषयी इतके लिहून झाले आहे की आम्ही भर घालीत नाही. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भिंतींवर त्याही आधीच्या मराठी चितारींनी महाभारत, कृष्णलीला आणि इंग्रज-मराठे यांची लढाई रंगवून ठेविली आहे, ती पाहावयास मात्र फारसे कोणी जात नाही.

पुन्हा गाण्याकडे वळू. मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यास भरली. तिचे सूत्रधार पंडित विष्णु नारायण भातखंडे होते आणि यजमानपद सयाजीरावांकडे होते. पंडितजींना गायनशाळेची शिस्त रुची, पण अभ्यासक्रम फारसा पसंत नव्हता. त्यांच्या सल्ल्याने त्यात फेरफार झाले. याचेच एक फळ असे की, १९१७ मध्ये श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हा मुंबईचा तरुण संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बडोद्यास आला आणि दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांचा गंडाबंद शागीर्द झाला. आग्रा घराण्याचा उस्ताद, मराठी बोलणारा शिष्य, आणि दोघांचाही खर्च एकाच तिजोरीतून! पाच वर्षांनी हा शिष्य येथून गेला, तो पुढे लखनौच्या मॅरिस संगीत महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. खात्याने गवई घडविला असे आम्ही म्हणणार नाही. गवई उस्तादाने घडविला, आणि शिष्याने रियाझाने. खात्याने केले ते इतकेच, की त्या पाच वर्षांत दोघांनाही पोटाची चिंता पडू दिली नाही. आमच्या अनुभवाने सांगतो, एवढे करणारे खातेही विरळाच.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजवाड्याच्या कलावंत खात्याचे प्रयोजन संपले. शाळा मात्र टिकल्या, कारण त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने सांभाळल्या. गायनशाळा सुरसागराच्या काठी संगीत, नृत्य व नाट्याचे महाविद्यालय झाली. कलाभवनाची वाट तंत्रशिक्षणाकडे गेली. १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा निघाली आणि तेथे चित्रकला शिकवावयास नारायण श्रीधर बेंद्रे आले. बेंद्रे मूळचे इंदूरचे, देवळालीकर गुरुजींचे शिष्य. म्हणजे एका मराठी संस्थानी शहराने घडविलेला चित्रकार दुसऱ्या मराठी संस्थानी शहराच्या कामी आला. त्यांच्या पाठोपाठ शंखो चौधरी आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखी माणसे येथे रमली. १९६० नंतर या शाखेच्या आवारात कलामेळे भरू लागले. शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून केलेली लाकडाची, मातीची, चिंध्यांची खेळणी तेथे सामान्य माणसास परवडतील अशा दरात विकली जात. चित्र विकत घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, अशांच्या घरात या मेळ्यांतून कलावंताच्या हातची एखादी वस्तू गेली.

फैयाज खाँसाहेब ५ नोव्हेंबर १९५० रोजी बडोद्यातच निवर्तले. विलीनीकरणानंतर दीड वर्षाने. ज्या दरबाराने त्यांना ‘ज्ञानरत्न’ म्हटले, तो तेव्हा उरला नव्हता. त्यांची कबर याच शहरात आहे, आणि २००२ च्या दंगलीत तिची विटंबना झाली. हे लिहिताना हात जड होतो, पण बडोद्याच्या कलावंतांची हकीकत सांगावयाची आणि हे गाळावयाचे, हे आम्हांस जमणार नाही.

मंडळाच्या सभासदांस एक विनंती. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांत गायनशाळेची क्रमिक पुस्तके, उतरवून घेतलेल्या चिजांच्या वह्या, कलाभवनातील रेखाचित्रे अजून माळ्यावर असण्याचा संभव आहे. ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा संगीत महाविद्यालयात दाखवावीत. वहीवर विद्यार्थ्याचे नाव व साल असेल तर ते पान विशेष जपावे. कलावंत खात्याच्या पटावर उस्तादांची नावे आहेत. शाळेत शिकून गेलेल्या साध्या माणसांची नावे अशा वह्यांतच सापडतील.