व्होल्टेज डाऊन!

मंडळी, ‘व्होल्टेज डाऊन आहे’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो आमच्या मलकापूरचा नव्हेच! बल्ब लालसर व्हायचा, पंख्याची पाती मोजता यायची आणि मांडवातल्या भोंग्याचं गाणं घोगरं व्हायचं. माईकवाला वैतागायचा. अमेरिकेत मात्र एका पठ्ठ्याने मुद्दाम व्होल्टेज उतरवून नाव कमावलं.

थोडं मागे जाऊ. 1962 च्या सुमारास लंडनमधे जिम मार्शल या वाद्यांच्या दुकानदाराने (मूळचा ड्रमर, बरं का) अमेरिकन ‘फेंडर बेसमन’वर बेतलेला गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर काढला. 1965 मधे ‘द हू’च्या पीट टाउनशेंडसाठी तो 100 वॅटचा झाला. व्हॉल्व्हची गंमत अशी, की कुवतीबाहेर ताणला तर आवाज एकदम फाटत नाही. लाटेचे शेंडे हळूहळू चपटे होतात आणि एक गोड खरखर येते. इंजिनियरांच्या लेखी हा दोष, गिटारवाल्यांच्या लेखी हाच खरा सूर. पण त्यासाठी 100 वॅट पूर्ण सोडायचे म्हणजे अख्खी गल्ली जागी!

एडी व्हॅन हेलनने सांगितलेली हकीकत अशी: इंग्लंडचा, तिथल्या दुप्पट व्होल्टेजचा मार्शल त्याने अमेरिकेतल्या प्लगला लावला. बराच वेळ काहीच होईना. नंतर वाजवला तर आवाज बारीक, पण सूर तोच, पूर्ण ताणलेला! मग व्हेरियाक लावून 120 ऐवजी साधारण 90 व्होल्टवर तो वाजवू लागला. 1978 चा पहिला अल्बम असाच झाला. मुलाखतीत मात्र ‘व्होल्टेज वाढवतो’ असं सांगायचा. ते ऐकून कित्येकांनी आपली यंत्रं जाळली म्हणे. लबाडच!

यात एक अडचण आहे. व्हॉल्व्हच्या हीटरला बहुधा 6.3 व्होल्ट लागतात. मेन्स उतरवला की तेही उतरतात आणि व्हॉल्व्ह नीट तापत नाही. म्हणून 1980 च्या सुमारास ‘बॉस्टन’ बँडच्या टॉम शोल्झने ‘पॉवर सोक’ बाजारात आणला. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधे बसून हा डबा जास्तीच्या वॅटांची उष्णता करून टाकतो. (मधे काहीच न लावता नुसता स्पीकर काढून वाजवाल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. सांगून ठेवतो.)

चार आउटपुट व्हॉल्व्हपैकी दोन काढायचे, हाही जुना उपाय. पण कान फार चिवट असतो. 100 चे 50 वॅट केले तर फरक जेमतेम 3 डेसिबल. आवाज निम्मा वाटायला 10 वॅटपर्यंत खाली यावं लागतं.

आपल्याकडे 2000 च्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. तेव्हा गिटार शिकणाऱ्या भाचेकंपनीने 100 वॅटची स्वप्नं पाहू नयेत. एकाच आउटपुट व्हॉल्व्हचा 5 वॅटवाला घ्या. तोही दार लावून.