मेकॅनिकल पेन्सिल: गोष्ट अर्ध्या मिलिमीटरच्या शिशाची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजचा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. रोज लिहायला आणि जमेल तसं स्केचिंग करायला कुठली मेकॅनिकल पेन्सिल घ्यावी? शाळेत आपण हिला पेन-पेन्सिल म्हणायचो. वरचं बटण दाबलं की 'टिक' आवाज करत शिसं बाहेर येतं, तीच ही. दुकानात ती थोडक्या पैशांत मिळते आणि ऑनलाइन बघाल तर हजारांच्या घरातली पण दिसते. मग आपण काय बघतो? रंग, पकड, धातूची आहे की प्लॅस्टिकची. पण या वस्तूचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. जवळपास दोनशे वर्षं खरी अडचण बाहेरच्या बॉडीची नव्हतीच. अडचण होती आतल्या शिशाची.

शिसं, जे शिसं नाहीच

आधी एक गैरसमज दूर करू. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. म्हणजे कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल इथे शुद्ध ग्राफाइटची खाण सापडली. ते काळं, चकचकीत होतं आणि कागदावर उमटायचं. लोकांना वाटलं, हा शिशाचाच प्रकार. इंग्रजीत 'लेड' म्हणायची सवय लागली, आणि आपणही शिसपेन्सिल म्हणतो. हा कार्बनचा प्रकार आहे हे १७७९ मध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, पण तोवर नाव रुळलं होतं. आपणही आज शिसंच म्हणू.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, आधी लाकडी पेन्सिल आली आणि मग ही आधुनिक पेन्सिल. पण १५६५ मध्ये कॉनराड गेसनर या स्विस निसर्गअभ्यासकाने आपल्या पुस्तकात एक चित्र छापलं होतं. लाकडी नळी, आणि तिच्या टोकाला खोचलेला ग्राफाइटचा तुकडा. म्हणजे शिसं झिजलं की बदलायचं, धारक तोच ठेवायचा, ही कल्पना साडेचारशे वर्षं जुनी आहे.

दुसरा पुरावा तर समुद्राच्या तळाशी सापडला. 'बाउंटी' जहाजावरच्या बंडखोरांना पकडायला ब्रिटिश नौदलाने 'पँडोरा' नावाचं जहाज पाठवलं होतं. ते १७९१ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर आपटून बुडालं. त्याच्या अवशेषांत एक मेकॅनिकल पेन्सिल मिळाली. आज उपलब्ध असलेल्यांपैकी ही सगळ्यात जुनी मानतात.

लंडनची चांदीची पेन्सिल

१८२२ मध्ये लंडनमध्ये सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स या दोघांनी शिसं पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं. नंतर मॉर्डनने हॉकिन्सचा हक्क विकत घेतला आणि धंदा जोरात चालवला. या पेन्सिली चांदीच्या असायच्या, सोन्याच्या पण. काही तर प्राण्यांच्या किंवा ममीच्या आकाराच्या! श्रीमंतांनी घड्याळाच्या साखळीला अडकवून मिरवायच्या.

यंत्रणा छान होती, पण शिसं? ते जाडच ठेवावं लागायचं. याचं कारण कळायला आपल्याला थोडं मागे, फ्रान्सला जावं लागेल. १७९० च्या दशकात फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं आणि फ्रान्सला इंग्लिश ग्राफाइट मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँते या माणसाने युक्ती काढली. हलक्या ग्राफाइटची पूड करायची, त्यात माती कालवायची, बारीक कांड्या पाडायच्या आणि भट्टीत भाजायच्या. १७९५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. माती जास्त घातली तर शिसं कडक आणि फिकट, कमी घातली तर मऊ आणि काळं. पेन्सिलीवर एच आणि बी लिहिलेलं असतं ना, त्यामागे हेच गणित आहे. एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक, आणि एचबी म्हणजे मधलं.

पण भाजलेली माती म्हणजे पणतीच की! पणती जाड असते म्हणून टिकते. तीच काडीसारखी बारीक केली तर बोटाच्या दाबाने तुटेल. लाकडी पेन्सिलीत शिशाला चारी बाजूंनी लाकडाचा आधार असतो. मेकॅनिकल पेन्सिलीत टोक उघडं पडतं. म्हणून यंत्र कितीही सुबक असो, शिसं बारीक करता येत नव्हतं.

टोकियोतला कारागीर

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस. तोकुजी हायाकावा, जन्म १८९३, टोकियो. लहानपणीच दत्तक दिलेलं पोर. त्या घरात हाल झाले, शाळा दुसरीतच सुटली. शेजारच्या एका अंध बाईंनी त्याला धातूकाम करणाऱ्या कारागिराकडे नेऊन सोडलं आणि तिथे तो काम शिकला. १९१२ मध्ये त्याने पट्ट्याला भोक न पाडता लावता येणारं बक्कल बनवलं आणि स्वतःचा छोटा कारखाना काढला.

१९१५ मध्ये हायाकावांनी धातूची, पिळून शिसं पुढे काढायची पेन्सिल तयार केली. जपानमध्ये सुरुवातीला कुणी विचारेना. दुकानदार म्हणायचे, धातू आहे, थंडीत हाताला गार लागतं, आणि किमोनोवर शोभत नाही! पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातला माल आटला होता. परदेशातून ऑर्डरी आल्या आणि मग मायदेशातही पेन्सिल खपायला लागली. नाव पडलं 'एव्हर-रेडी शार्प पेन्सिल'. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स कीरन यांची 'एव्हरशार्प' पेन्सिलही गाजत होती. त्यामुळे 'जपानने मेकॅनिकल पेन्सिल शोधली' असं कुठे वाचलंत तर ते खरं नाही. पण जपानी लोक आजही हिला शार्प पेन्सिल म्हणतात, थोडक्यात 'शापेन'.

आणि मग आला १ सप्टेंबर १९२३. दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना टोकियो आणि योकोहामा परिसरात प्रचंड भूकंप झाला. घराघरांत जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या, त्यामुळे आगी लागल्या. लाखाहून जास्त माणसं गेली. हायाकावांची बायको गेली. दोन्ही मुलं गेली. कारखाना जळून खाक झाला. वर पेन्सिली विकणाऱ्या कंपनीचं देणं अंगावर होतं. ते फेडण्यासाठी त्यांनी पेन्सिलीची पेटंटं देऊन टाकली. म्हणजे घर गेलं, माणसं गेली, आणि ज्या वस्तूने नाव दिलं तीही हातातून गेली.

तीस वर्षांचा हा माणूस ओसाकाला गेला आणि १९२४ मध्ये तिथे पुन्हा धातूकामाचा छोटा कारखाना काढला. १९२५ मध्ये रेडिओ बनवला आणि त्याला नाव दिलं 'शार्प'. पेन्सिल परत मिळाली नाही, तिचं नाव मात्र त्यांनी सोबत ठेवलं. पुढे टीव्ही आले, कॅल्क्युलेटर आले आणि १९७० मध्ये अख्ख्या कंपनीचंच नाव शार्प झालं. होय, तीच टीव्हीवाली शार्प!

शेवटी शिसं सुधारलं

शिशाचा प्रश्न सुटला १९६० मध्ये, तोही जपानमध्येच. आज आपण जिला पेंटेल म्हणतो त्या कंपनीने मातीऐवजी पॉलिमर, म्हणजे राळेसारखा पदार्थ वापरून शिसं बनवलं. भाजल्यावर या पॉलिमरचाही कार्बनच होतो. त्यामुळे शिसं बारीक असूनही टिकायला लागलं आणि काळंही उमटायला लागलं. याच दशकात ०.५ मिलिमीटरचं शिसं बाजारात आलं आणि पेन्सिल घड्याळाच्या साखळीवरून थेट विद्यार्थ्यांच्या कंपासपेटीत आली.

यात आपल्याकडचा एक धागाही आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेली कंपनी म्हणजे कॅम्लिन. तिचा मोठा हिस्सा २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला. ही कोकुयोसुद्धा ओसाकाचीच.

मग घ्यायची कुठली?

इतिहास सांगतो तोच क्रम धरा. आधी शिसं ठरवा, मग पेन्सिल.

रोजच्या लिखाणाला ०.५ आणि एचबी बरोबर. हात जड असेल, शिसं सारखं तुटत असेल, तर महागडी पेन्सिल घेण्याआधी ०.७ घेऊन बघा. शिसं फिकं वाटत असेल तर आकार तोच ठेवून बी किंवा २बी घ्या. ०.३ बारीक आकृत्यांसाठी ठीक, वर्गात भराभर नोट्स काढायला नाही.

चित्रांसाठी ०.५ ने रेषा सुरेख येते, पण शेडिंग करताना जीव जातो, कारण बारीक शिसं आडवं धरून घासता येत नाही. त्यासाठी २ मिलिमीटरची क्लच पेन्सिल घ्या. तिला टोक करावं लागतं, पण शिसं तिरकं धरून छटा भरता येते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्यांनी मात्र ४बी, ६बी लाकडी पेन्सिली टाकून देऊ नका.

टोकाची नळीही बघा. लांब, स्थिर नळी पट्टीला लावून रेषा मारायला उत्तम, पण खिशात टोचते आणि पडली की वाकते. प्रवासात वापरणार असाल तर नळी आत जाणारी घ्या.

आणि एक खास आपल्या कामाची. २००८ मध्ये मित्सुबिशी पेन्सिलची 'कुरू टोगा' आली. प्रत्येक वेळी कागदावरून टोक उचललं की आतलं शिसं किंचित फिरतं, मूळ मॉडेलमध्ये सुमारे ४० वेळा टेकवल्यावर एक पूर्ण फेरा होतो. त्यामुळे शिसं एका बाजूने झिजत नाही. सलग इंग्रजी कर्सिव्ह लिहिणाऱ्याला तिचा फायदा कमी, कारण तो टोक उचलतच नाही. आपण काना, मात्रा, वेलांटी आणि वरची रेघ यांसाठी सतत उचलतो. देवनागरी लिहिणाऱ्याला ती फावते!

बाकी रंग आणि पकड तुमच्या आवडीची. दुकानात गेलात की आधी शिशाच्या डबीवरचा आकडा वाचा. आणि तुम्ही काय वापरता, ०.५ की ०.७, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!