कवोष्ण, कोष्ण, कोमट

‘थोडंसं ऊन’ एवढंच सांगायला संस्कृतात एक नव्हे, तीन जोडशब्द आहेत: कवोष्ण, कोष्ण आणि कदुष्ण. पाणिनीने अष्टाध्यायीत (6.3.107) त्यांच्यासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं आहे. अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणाऱ्या व्याकरणपरंपरेत कोमटपणाची एवढी बूज राखली जावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिन्ही शब्द ‘कु’ आणि ‘उष्ण’ यांचे. कुपुत्र, कुकर्म यांत ‘वाईट’ सांगणाऱ्या या ‘कु’चा दुसरा अर्थ ‘किंचित’ असाही आहे. उष्णच्या आधी येताना तो रूप पालटतो. ‘कव’ झाला की कवोष्ण, ‘का’ झाला की संधी होऊन कोष्ण, ‘कद्’ झाला की कदुष्ण. निकृष्ट अन्नाला कदन्न म्हणतात, त्यातलाच हा ‘कद्’. इथे मात्र निकृष्टपणा गळून नुसता थोडकेपणा उरला.

अमरकोशाने दिग्वर्गात या तिघांत ‘मंदोष्ण’ची भर घातली आणि लगोलग तिग्म, तीक्ष्ण, खर हे कडक उष्णतेचे शब्द मांडले.

या शब्दांत जीव ओतला कालिदासाने. रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात निपुत्रिक दिलीप राजा वसिष्ठांपुढे मन मोकळं करतो. आपल्यामागे तर्पण करणारं कोणी उरणार नाही, या चिंतेने पितर उसासे टाकत असतील आणि आपण दिलेलं पाणी त्या उसाशांनी कवोष्ण होऊनच त्यांना प्यावं लागत असेल, असं तो म्हणतो. त्याच सर्गात थोडं पुढे नंदिनी गाय रानातून आश्रमात परतते. वासरू दिसताच तिला पान्हा फुटतो, आणि जमिनीवर झरणारं ते दूध कोष्ण असतं. तीच ऊब एकदा अपत्य नसल्याच्या दुःखाची, एकदा अपत्याच्या ओढीची. हा योगायोग आहे असं मी मानत नाही, कारण याच नंदिनीच्या सेवेने दिलीपाला पुत्र होणार आहे.

वैद्यांनी आपल्या गरजेचा आणखी एक जोडशब्द वापरला, ‘सुखोष्ण’. अंगाला सुखावेल इतकंच गरम. काढा, शेक, तेल, सगळ्यांना तो लागू पडतो.

मराठीत उष्णचं ऊन झालं, तृष्णेची तहान झाली तसंच. ऊन पाणी, ऊनऊन भात, उष्णकालाचा उन्हाळा. दापोली तालुक्यातलं उन्हवरे आणि पालीजवळचं उन्हेरे ही गावं गरम पाण्याच्या झऱ्यांसाठीच प्रसिद्ध आहेत. कोष्ण मात्र या वाटेने बोलीत उतरला नाही. ‘को’ जुळतो म्हणून कोमट हा त्याचाच वंशज वाटेल, पण ‘ष्ण’मधून ‘म’ निघत नाही. मला ते नातं पटत नाही. मराठीची रीतही उलटी आहे. संस्कृत थोडकेपणा शब्दाच्या आधी लावतं, मराठी शेवटी: पिवळट, खारट, मळकट. कोमट कानाला याच रांगेतला लागतो.

त्याचं माप हातावर ठरतं. विरजण लावायच्या दुधात करंगळी बुडवून पाहतात. चटका बसला तर थांबायचं, दूध पार गार झालं असेल तर पुन्हा जरा तापवायचं, नाहीतर दही नीट लागत नाही. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवतात. पाणी कढत असलं तर विसण घालतात. गोधडी ऊबदार असते, पाण्याला मात्र ऊबदार कोणी म्हणत नाही. तिथे कोमटच हवं.

कोष्ण आज भेटतो तो आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर, ‘कोष्ण जलासह’ असा. तीच पुडी हातात देताना वैद्य मात्र सांगतात, कोमट पाण्यातून घ्या.